पंधरावं कार्ड

"मिशा काढता येतात का हो?"

काउंटरपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी एका शोकसभेच्या पत्रिकेतली तारीख तपासत होते. त्यामुळे मान वर करायला मला जरा वेळच लागला. समोर एक उंच माणूस उभा होता. अंगात निळा कामाचा शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी, बोटांना काळं ग्रीस आणि केसांवर बाहेरच्या भुरभुर पावसाचे थेंब.

"कोणाच्या?" मी विचारलं.

"यांच्या." त्याने काचेखालच्या नमुन्यांकडे बोट दाखवलं. तिथे एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, झुपकेदार मिशांचा समुद्री चाचा तलवार उपसून उभा होता. "माझी भाची सात वर्षांची होतेय. तिला चाच्यांची पार्टी हवीय, पण कप्तान तीच. मग मिशा कशा चालतील?"

"काढता येतात. सगळंच काढता येतं. हे टेम्प्लेट आहे. चित्र, नाव, तारीख, पत्ता, हवं ते बदला. बसा."

तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला, जरा अंग चोरून. ग्रीस कुठे लागू नये म्हणून असावं.

मी या छपाईच्या दुकानात पत्रिका बनवते. लग्नं, उद्घाटनं, शोकसभा, वाढदिवस... जे येईल ते. माझी स्वतःची लग्नपत्रिकाही मीच बनवली होती. लग्न ऐन छपाईच्या आदल्या दिवशी मोडलं, पण डिझाइन चांगलं होतं. मालकांनी आमची नावं पुसून तिथे ठिपके टाकले आणि ती नमुन्यांच्या वहीत लावून टाकली. नमुना क्रमांक चार. तीन वर्षांत एकोणीस जोडप्यांनी ती पसंत केलीय. दर वेळी मी हसतमुखाने त्यांची नावं भरते आणि घरी जाऊन आईशी उगाच भांडते.

तर मी त्या चाच्याच्या मिशा पुसल्या आणि टोपीखालून दोन वेण्या काढल्या.

"आता दिसते तशी," तो हसला. "फक्त नाक जरा वर करा. फार शिष्ट आहे."

मी नाक वर केलं. मग मजकूर घेतला. सावधान, खलाशांनो! कप्तानाचं जहाज शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सुटणार. आमंत्रण दाखवल्याशिवाय जहाजावर प्रवेश नाही. खाली खजिन्याच्या नकाशासारखा घरचा रस्ता. आणि अगदी तळाला, टेम्प्लेटमध्ये आधीपासूनच असलेली ओळ — वाट पाहतोय, आई आणि बाबा.

त्या ओळीशी तो थांबला.

"हे... हेही काढता येतं?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"ताई गेली माझी. दीड वर्ष झालं. तिच्या बाबांनी दुसरीकडे संसार थाटलाय. कप्तान माझ्याकडेच असते."

शोकसभेच्या शेकडो पत्रिका मी लिहिल्यात. तरी तेव्हा मी नुसतं खोडायचं बटण दाबत राहिले. आधी बाबा गेले, मग एकेक अक्षर करत आई. तिथे मी 'मामा' लिहिलं.

"ओळ फारच छोटी झाली," तो हळूच म्हणाला.

"अक्षर मोठं करते मी."

प्रती किती, विचारलं तर म्हणाला, "वर्गात चौदा मुलं आहेत. पंधरा करा. पंधराव्यावर नाव घालू नका. कप्तानाचा हुकूम आहे."

"बरं. फोन नंबर सांगा. येणार की नाही, ते लोक कुठे कळवतील?"

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती आणि आत कोणीतरी होतं. तो उभाच राहिला. "घाबरू नका. दार ओढू नका, नुसते बसून राहा. मी निघालोच... हो, मी फोन चालूच ठेवतो, बोलत राहा माझ्याशी." त्याचा आवाज इतका मऊ झाला की या आवाजासाठी माणसाने एकदा अडकून बघायला हरकत नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग मला माझीच लाज वाटली. तोवर तो पावसात पोहोचलाही होता.

आता माझी एक सवय सांगते. मी टेम्प्लेटमधली जागा कधी रिकामी ठेवत नाही, कारण रिकामी जागा नजरेतून सुटते. नंबर नसला की तिथे मी माझा नंबर टाकून ठेवते. स्वतःचा नंबर दिसला की लगेच आठवतं, अरे, हे बदलायचंय. आजवर ही युक्ती कधी चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो नमुना बघायला आला तेव्हा मात्र माझं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. आज ते घासून घासून स्वच्छ केलेले होते.

"नीट वाचा," मी बजावलं. "एकदा सही केलीत की चूक तुमची."

"आणि सहीच्या आधी?"

"तोपर्यंत माझी."

त्याने कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, मग दुकानाच्या काचेकडे, मग पुन्हा कार्डाकडे. आणि सही ठोकली.

"चूक माझी," म्हणाला आणि हसला. मला वाटलं, थट्टा करतोय.

सोमवारी दुपारी मला पहिला फोन आला. "कप्तानाच्या घरून का? आमची छोटी नाही येऊ शकणार हो शनिवारी. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचाही वाढदिवस त्याच दिवशी आहे, त्यांनी जादूगार बोलावलाय, पोहण्याचा तलावही आहे... मुलं काही ऐकत नाहीत."

कार्डांवर माझाच नंबर छापून गेला होता. "हरकत नाही. कळवलंत, बरं केलंत," मी म्हणाले.

बुधवार सकाळपर्यंत आठ फोन आले. आठही नकार, सगळे अगदी गोड आवाजातले. एक आजोबा तर मलाच धीर देऊ लागले. मी पाठकोऱ्या कागदावर एकेक फुली मारत होते आणि ती वर नाक केलेली, वेण्यांची कप्तान समोरच्या पडद्यावरून माझ्याकडे बघत होती. बिलावर त्याचा नंबर होता, पण फोन करावा म्हटलं तर जीभ उचलेना. असं फोनवर सांगतात का? कार्डं न्यायला आला तेव्हा, जवळच्याच एका इमारतीत काम चालू आहे, असं तो म्हणाला होता; शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन मी उभी राहिले.

'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी होती. उघड्या दारातून त्याचं डोकं बाहेर आलं आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला. मग माझा चेहरा बघून विझला.

"किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"किती जण येत नाहीयेत?"

मला उलगडायला क्षणभर लागला. "तुम्हाला ठाऊक होतं? नंबर माझा पडलाय ते?"

"दुकानाच्या काचेवर ऑर्डरसाठी तुमचा हाच नंबर आहे, ह्या एवढ्या अक्षरांत." तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. "सही करतानाच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला. जिन्यावर एक बाई थांबून बघायला लागल्या. "आठ जणांचे नकार ऐकलेत मी! परक्या मुलीसाठी!"

"म्हणूनच नाही सांगितलं." तो पायरीवर बसला. "गेल्या वर्षीही असंच झालं. घरात नुकतं तसं घडलेलं, लोकांना मुलांना पाठवायला बरं वाटेना. फोन माझ्याकडे यायचे आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी काही बोलायच्या आत तिला कळायचं. यंदा फोन माझ्याकडे यायलाच नको होता. लिफ्टमध्ये अडकलेल्याला मी सांगू शकतो, येतोय म्हणून. पण येत नाही म्हणणाऱ्याला काय सांगायचं?"

मी फुल्यांचा कागद घडी घालून पिशवीत टाकला.

"आणि... खरं सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "वाटलं, तुम्ही कधीतरी फोन कराल. दोन्ही कारणं खरी आहेत. रागवा."

मी रागावलेच होते. नकार ऐकायची मला सवय नाही अशातला भाग नव्हता, पण दुसऱ्याचे नकार झेलायला कोणी मला न विचारता उभं करावं? तरी मी त्याच्या शेजारी, त्याच पायरीवर बसले. बाहेर सकाळपासून तेच करडं आभाळ होतं.

"तारीख बदलू या," थोड्या वेळाने मी म्हणाले.

"काय?"

"टेम्प्लेट आहे ते. मिशा काढल्या, तारीख नाही बदलता येणार? रविवार करू."

त्याच संध्याकाळी मी चौदा कार्डं नव्याने छापली. कप्तान तीच, नाक तेच. वर मजकूर — समुद्रात वादळ! जहाज रविवारी सुटणार. जादूगारांनाही प्रवेश आहे. नंबर मी मुद्दामच माझा ठेवला. गुरुवारी सकाळी त्याने शाळेच्या फाटकाशी उभं राहून कार्डं वाटली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या कागदावर नऊ बरोबरच्या खुणा होत्या. मी त्याला फोन करून आकडा सांगितला.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. नऊ म्हणालात ना? पुन्हा म्हणा."

"नऊ."

"पण कप्तान म्हणते, वाढदिवस शनिवारीच आहे, तो कोणालाच ढकलता येत नाही. उद्या आम्ही दोघंच असू आणि दोघांत जहाज हलत नाही. तुम्ही... याल?"

मी गेले. घर लहान, नीटनेटकं. सोफा उलटा करून त्याचं जहाज केलं होतं आणि झाडूच्या दांड्याला पांढरी चादर बांधून शीड. दारातच कागदी टोपीतली कप्तान हात आडवा करून उभी होती. नाक चित्रातल्यापेक्षाही वर.

"आमंत्रण दाखव."

मी पिशवी चाचपली. एकोणतीस कार्डं माझ्या हातांनी छापली होती, आणि माझ्याकडे एकही नव्हतं.

"नाहीये माझ्याकडे."

तिने विचार केला. मग आत गेली आणि एक कार्ड घेऊन आली. पहिल्या छपाईतलं, नावाची जागा कोरी. कोरी म्हणजे, तिथे पेन्सिलने लिहून खोडलेलं होतं. दाबून लिहिलं असावं, कारण खोडूनही 'आई' स्पष्ट वाचता येत होतं.

"हे वापर," ती म्हणाली. "मी उगाच ठेवलं होतं. तिला येता नाही येणार, मला माहितीये."

तिच्या मागे तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलंच. ते मी लपवलं नाही.

"हे आईचंच राहू दे, कप्तान," मी म्हणाले. "आपण ते शिडाला लावू. माझं मी सोमवारी छापून घेईन."

"मग आज जहाजावर कशी येणार?"

"आज पाण्यातच थांबते."

"पाण्यात मगरी आहेत," ती काळजीने म्हणाली आणि वळली. "मामा! ही अडकली!"

तो सोफ्यावर चढला आणि वाकून माझ्यापुढे हात केला. हात पुन्हा घासून स्वच्छ केलेला, पण नखांच्या कडांना ग्रीस राहिलंच होतं.

"घाबरू नका," तो म्हणाला. तोच आवाज. "मी आहे." मग आणखी हळू, कप्तानाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "मला तुम्ही फार आवडता. आज सांगायचं ठरवलं नव्हतं."

"नीट विचार करा," मी बजावलं. "एकदा बोललात की..."

"चूक माझी. माहितीये."

मी त्याचा हात धरला आणि वर चढले. सोफा करकरला. कप्तानाने खिडकीबाहेरच्या पावसाकडे दुर्बीण रोखली आणि हुकूम सोडला, "चला, आता सगळे आले." शिडावर आम्ही पंधरावं कार्ड लावलं होतं.