बंद कारखान्याचे शंभर टक्के

"मॅडम, असाल तशा या. गेटवर बोंब झालीय!"

चाकणच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणाऱ्या सुरेंद्रचा फोन. अरुंधती लिमये त्याच कारखान्याच्या ऑडिट प्रमुख. मूर्खपणा त्यांना सहन होत नसे, आणि होत नाही हे त्या लपवतही नसत.

कालची साप्ताहिक सुट्टी साधून नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. आज शुक्रवारी पहिल्याच शिफ्टला भरलेल्या गाड्या फाटकात अडकल्या. एकीचाही गेटपास निघेना.

"बदल करण्याआधी तपासणी झाली होती ना?" गेटवर पोचताच अरुंधतींनी विचारलं.

"शंभर टक्के, मॅडम. सर्टिफिकेट आहे की!"

"वाचलंत?"

"म्हणजे... शंभर दिसले, सही केली."

"धन्य आहात."

जुनं सॉफ्टवेअर परत बसवून गाड्या कशाबशा सोडल्या. दुपारी हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीतून दोघं आली. रविराज, टीम लीड, कडक इस्त्री आणि गोड आवाज. आणि सुखदा, सॉफ्टवेअर तपासायच्या टेस्ट लिहिणारी. तिचे डोळे रडून सुजले होते. आज संध्याकाळपर्यंत राजीनामा दे, नाहीतर बडतर्फ करतो, असं तिला कंपनीनं सांगितलं होतं. बडतर्फीचा शिक्का बसल्यावर हिंजवडीत दारात तरी कोण उभं करणार?

"माल पाठवायची टेस्ट हिनं काढून टाकली," रविराज म्हणाला. "सॅड, पण खरं आहे."

"मी काहीही काढलं नाही," सुखदा म्हणाली. "जेवढी कामं सरांनी दिली, तेवढ्यांच्या टेस्ट लिहिल्या. कामं फार थोडी वाटतात, असं मी बोललेही होते."

"मग सर काय म्हणाले?"

"कारखान्यात असं मोठं असतं तरी काय, म्हणाले."

सुरेंद्रच्या कपाळावरची शीर उडू लागली. अरुंधतींनी त्याला हातानंच गप्प केलं.

"कोणकोणती कामं दिली होती, सांग."

"वॉचमनची हजेरी. दुरुस्तीवाल्यांचा प्रवेश. जनरेटरचं डिझेल. टाक्यांची सफाई. जवळपास एवढंच."

"कँटीनचं कूपन?"

"नाही, मॅडम."

"असं होय!" अरुंधती रविराजकडे वळल्या. "ही कामं कुठून काढलीत?"

"रेकॉर्डिंगमधून. एक पूर्ण दिवस तुमच्या सिस्टिमवर रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवशी जी कामं झाली, त्यांच्या टेस्ट घेतल्या."

"कारखान्यात आला होतात?"

"अर्थात! दिवसभर इथंच होतो. माल भरून गाड्या जाताना स्वतः पाहिल्या."

"तारीख?"

"मागच्या महिन्यात कधीतरी. मूळ रेकॉर्डिंग आम्ही पुसून टाकतो. पॉलिसी आहे."

"पॉलिसी! बरं, जेवण कसं वाटलं आमच्या कँटीनचं?"

"जेवलो नाही. त्या दिवशी माझा उपास होता."

सुरेंद्रनं वडापाव मागवले. रविराजनं पहिला उचलला.

"जपून हं," अरुंधती म्हणाल्या. "चतुर्थी, एकादशी, काही मोडायचं नाही ना?"

"छे! मी फक्त दत्ताचा गुरुवार धरतो."

अरुंधतींनी चहाचा कप खाली ठेवला.

"सुरेंद्र, गुरुवारी आपल्या कारखान्यात काय चालतं?"

"काय चालणार, मॅडम? सुट्टी असते. कालच नव्हती का!"

रविराजचा घास तोंडातच राहिला.

"आता ऐका," अरुंधती म्हणाल्या. "सुखदानं टेस्ट काढली असती, तर माल पाठवणं तेवढं गायब झालं असतं. इथं कच्चा माल नाही, उत्पादन नाही, जेवणाचं कूपनसुद्धा नाही. राहिलं काय? वॉचमन, डिझेल, टाक्या. बंद कारखान्यात चालतं तेवढंच. तेव्हाच मला शंका आली. वार तुमच्या उपासानं सांगितला."

"तो योगायोग—"

"गाड्या स्वतः पाहिल्यात ना? कुठल्या? इथं गुरुवारी एक गाडी हलत नाही. तुम्ही चाकणला आलाच नव्हता. ट्रॅफिकमध्ये कोण सडणार! हिंजवडीच्या एसीत बसून बटण दाबलंत. रेकॉर्ड झाला तो बंद कारखाना. त्यालाच आमचा धंदा समजून त्याच्या टेस्ट लिहून घेतल्यात आणि वर शंभर टक्क्यांचं सर्टिफिकेट ठोकलंत. बदलाचा धक्का कुठे बसेल, हे तुमचं विश्लेषण फक्त टेस्ट असलेल्या कामांत शोधतं. आमचं मुख्य कामच त्यात नव्हतं, तर धोका दिसणार कसा?"

"गुरुवारी सुट्टी असते हे मला माहीतच नव्हतं," रविराज पुटपुटला.

"नवं सॉफ्टवेअर चढवायला कालचीच तारीख आम्ही का मागितली, एवढं विचारलं असतंत तरी कळलं असतं. पण विचारायला कमीपणा वाटतो ना? असू द्या, तो गाढवपणा मी सोडूनही दिला असता. आज सकाळी काम अंगाशी आल्यावर या पोरीची मान पुढे केलीत. हा नीचपणा आहे. लाज वाटते का थोडी?"

त्यांनी रविराजचे वरिष्ठ क्षितिज यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन रविराजपुढे सरकवला. "सांगा. तुमच्याच तोंडानं."

रविराजनं सांगितलं. गोड आवाज आता नीट फुटतही नव्हता.

"सुखदा," क्षितिज म्हणाले, "राजीनामा पाठवू नकोस. सॉरी. नवं रेकॉर्डिंग तूच लाव."

सुखदानं ओढणीनं डोळे पुसले. "उद्याच लावते, सर. इथं कारखान्यात बसून."

"उद्या शनिवार," रविराज सवयीनं बोलून गेला. "सुट्टी असते."

अरुंधतींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्हाला असेल," त्या म्हणाल्या. "आता रोजच."