सूर्य समोर ठेवायचा
“काका, तुम्ही कधी वाट चुकलात?”

केबिनमधल्या हीटरपाशी नीरजाने हा प्रश्न टाकला आणि तिची बहीण स्वरदा उशीत तोंड खुपसून हसायला लागली. हे विचारून दाखवायची पैज तिनेच लावली होती. सह्याद्रीतले ऐंशी किल्ले पालथे घातलेल्या प्रतापकाकांना असं विचारायची दुसऱ्या कुणाची टाप होती? काकांनी मिशी कुरवाळली. एकदाही नाही, म्हणाले. सूर्य दिसला की आपल्याला होकायंत्रसुद्धा लागत नाही!

बाहेर तिसऱ्या दिवशीही हिमवादळ थैमान घालत होतं. कोरोनामुळे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याची बॉर्डर बंद, म्हणून क्वेकर्स हिलच्या घरून आई-बाबांसह सगळे इथे, स्नोई माउंटन्सच्या डोंगरात आले होते. नीरजाची आई वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. मार्चपासून मास्कचे वळ नाकावर वागवणाऱ्या आईला पाच दिवस सुट्टी मिळाली, त्यातले तीन खिडकीशी गेले.

चौथ्या सकाळी आभाळ उघडलं! निळंशार, घासूनपुसून ठेवल्यासारखं. केबिनच्या दक्षिणेला बर्फाचा पांढरा घुमट लखलखत होता. बेत लगेच ठरला. काका, नीरजा आणि स्वरदाने माथ्यापर्यंतची वाट पाहून यायची आणि शेवटच्या दिवशी आईला वर न्यायचं. आईची अट एकच होती. चारला दारात, नाहीतर ती रेस्क्यूला फोन करणार आणि उद्याचं सगळं रद्द.

बर्फात न रुतणारे रुंद स्नोशूज घालून तिघं निघाले. वाटेवरचे नारिंगी खांब निम्म्याहून जास्त गाडले गेले होते, पुढे तेही संपले. दम लागला, पोटऱ्या भरून आल्या. पण साडेबाराला माथा पायाखाली होता!

आणि तेवढ्यात वादळाची शेपटी वळली. क्षणात सगळं पांढरं! हात दिसेना. तिघं एका खडकाआड एकमेकांना चिकटून बसले. अर्ध्या तासाने आभाळ पुन्हा स्वच्छ झालं, पण पावलांचे ठसे पुसले गेले होते. घुमट चहूबाजूंनी सारखाच, केबिन झाडीमागे लपलेली, फोन थंडीने बंद.

काकांनी सूर्याकडे पाहिलं. त्यांचा हिशोब सोपा होता: दुपारचा सूर्य दक्षिणेला, केबिन उत्तरेला, म्हणून सूर्य पाठीशी ठेवून चालायचं. ते झपाझप निघालेसुद्धा.

नीरजाला मात्र काहीतरी आठवलं. आईचे पापड! घरी ते मागच्या लाकडी डेकवरच वाळतात, कारण दिवसभर ऊन तिकडेच असतं. आणि डेक आहे उत्तरेला. पण ऐंशी किल्लेवाल्या माणसाला सांगायचं कसं?

कडाड! काकांच्या पुढची बर्फाची कड तुटली. ते छातीपर्यंत आत गेले. पलीकडे खोल दरी! नीरजा पोटावर आडवी झाली. स्कार्फ फेकला. स्वरदाने तिचे पाय धरले. ओढ! अजून ओढ! काका कसेबसे वर आले.

सगळे धापा टाकत होते. या वेळी पैज नव्हती.

“काका,” नीरजा म्हणाली, “आत्ता आपण वाट चुकलोय का?”

काका मिशीतला बर्फ पुसू लागले, तशी नीरजाच पुढे म्हणाली:

“भारतात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. इथे, दक्षिण गोलार्धात, तो उत्तरेला. सूर्य समोर ठेवायचा.”

काकांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा दरीकडे. “म्हणजे तीन वर्षं मी या देशात उलटा चालतोय,” ते म्हणाले. “हो पुढे, लीडर.”

नीरजा पुढे झाली. जसजसा सूर्य डावीकडे सरकत गेला तसतसा तिने त्याला डाव्या गालावर येऊ दिला. स्वरदाच्या बुटात पाणी शिरलं होतं, ती कुरकुरली, पण थांबली नाही. तासाभराने बर्फातून एक नारिंगी टोक डोकावलं. खांब!

केबिन दिसली तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. आई फोन हातात घेऊनच दारात उभी, तिच्यामागे बाबा.

“वहिनी, मी आज वाट चुकलो,” काकांनी स्वतःहून सांगून टाकलं. “हिने आणलं परत.”

आईने मोठा श्वास घेतला. ती काही म्हणायच्या आत नीरजाने टोपीवरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, “आई, बाबा, उद्या आठला निघायचं. तुम्ही दोघंही येताय. आणि पुढे मी चालणार.”