शेवटच्या भिंतीवरचा चेहरा

पोपटाने दोर ओढला. तीस फूट उंचीचा कापडी पडदा सरसर खाली आला आणि भिंतीवर एका बाईचा चेहरा उघडा झाला. सायकलींवरून आलेले बारा पाहुणे माना वर करून बघत राहिले. त्यातली एक जण फोटो काढायला दोन पावलं मागे सरली, रंगाच्या पिंपांना वळसा घातला आणि किंचाळली.

पिंपांमागे चित्रकार पडला होता. डोक्याची उजवी बाजू आत गेली होती. जबडा निखळून खांद्याकडे वळला होता. दोन दात रंगाच्या थाळीत पडले होते.

शहरातल्या भिंतींवरची चित्रं सायकलवरून दाखवणारी ही सहल रोज सकाळी आठला निघायची. नऊ भिंती, तीन तास. पुढे पोपट असायचा. रोज तीच माहिती आणि तेच विनोद त्याच ठिकाणी सांगतो म्हणून त्याला पोपट म्हणायचे. सगळ्यांत मागे शेपूट. दमलेल्यांना सांभाळायचं, पंक्चर काढायचं, हे त्याचं काम. नववी भिंत नवी होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच उघडणार होती. ती रंगवली होती याच चित्रकाराने, म्हणजे पोपटाच्या मेहुण्याने. चेहरा होता त्याच्या बहिणीचा, म्हणजे पोपटाच्या बायकोचा. आठ महिन्यांपूर्वी घराच्या जिन्यावरून पडून ती गेली होती.

साडेअकराला इन्स्पेक्टर बाई आल्या. सोबत त्यांचे जुने हवालदार. पाण्याच्या पिंपात हात घालून हवालदारांनी एक मोठा पाना बाहेर काढला. त्याच्या जबड्यात केस अडकले होते. तो पाना शेपटाच्या पिशवीतला होता. शेपटाचा शर्ट रक्ताने भरला होता. तो म्हणाला, मी त्याला उचलायला गेलो तेव्हा लागलं. पाना सकाळपासूनच सापडत नव्हता, असंही म्हणाला. ऐकणाऱ्यांना ते पटलं नाही. तीनच दिवसांपूर्वी शेपूट आणि चित्रकार सहलीच्या सायकलींच्या दुकानासमोर एकमेकांच्या अंगावर गेले होते, आणि ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं.

डॉक्टरांनी वेळ सांगितली: सहा ते सात. त्या वेळी शेपूट दुकानात एकटाच सायकलींमध्ये हवा भरत होता. पोपट म्हणाला, मी साडेसातपर्यंत घरी होतो. तोही एकटाच.

दुपारी एक वाजता शेपूट कोठडीत होता. दोन वाजेपर्यंत कुणीतरी त्याचा ओठ फोडला होता. बाहेरच्या बाकावर त्याची बायको बसली होती, सातव्या महिन्यात, पाय सुजलेले. साहेबांचा फोन आला. संध्याकाळी पत्रकारांना बोलावलंय, तोपर्यंत कबुली घ्या, कशी घ्यायची ते तुम्हाला सांगायला नको. बाई फक्त हो म्हणाल्या. मग कोठडीवरच्या शिपायाला त्यांनी फाटकावर पाठवलं आणि शेपटाला आणखी कुणी हात लावू नये म्हणून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

आधी त्यांनी पोपटाला बोलावलं. तो खुर्चीत बसला, सायकलचं हेल्मेट डोक्यावर तसंच.

"अहो, इथे छप्पर पडत नाही," हवालदार म्हणाले. "काढा ते."

"डोकं भणभणतंय. असू द्या."

"भांडण कशावरून झालं होतं दोघांचं?" बाईंनी विचारलं.

"शेपूट आधी त्याच्याबरोबर भिंती रंगवायचा. या भिंतीला मेहुण्याने त्याला हात लावू दिला नाही. तो राग."

"तुम्ही चित्र आधी पाहिलं होतं?"

"नाही. पाच आठवडे पडद्याच्या आत कुणालाच सोडलं नाही त्याने. मला म्हणाला, दाजी, दोर तुम्हीच ओढायचा."

"मग कसं वाटलं?"

पोपटाने डोळे पुसले. "डोळे अगदी तिचेच. आणि तो हिरवा स्कार्फ. कायम गळ्यात असायचा तिच्या."

बाईंनी ते लिहून घेतलं.

मग त्या कोठडीत गेल्या आणि शेपटासमोर बसल्या. त्याला नीट बोलता येत नव्हतं. तरी त्याने सांगितलं. दहा वर्षं आम्ही दोघं एका परांचीवर काम केलं. ही भिंत घेतल्यापासून तो बोलेनासा झाला. मी पडद्याच्या आत डोकं घातलं तर त्याने मला बाहेर फेकलं. म्हणून मी त्याला मारलं, त्याने मला मारलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने माफीही मागितली. ते कुणी पाहिलं नाही.

बाईंनी भिंतीचा फोटो पुढे धरला. "सकाळी हे नीट पाहिलं होतंस?"

"कुठलं? तो पडला होता ना."

"आता बघ."

शेपटाने फोटो जवळ घेतला. बराच वेळ बघितला.

"हा स्कार्फ त्याने काढलेला नाही," तो म्हणाला. "घडी नाही, सावली नाही. नुसता रोलर फिरवलाय. आणि चेहऱ्याला चकाकी आहे, ह्याला नाही. चेहरा ऑइलचा आहे, हा पाण्याचा रंग. आम्ही खाली पाण्याचा लावतो आणि वर ऑइल. ऑइलवर पाण्याचा रंग धरतच नाही. वाळला की साल निघते त्याची. आमच्यातला कुणी झोपेतसुद्धा असं करणार नाही."

बाई उठल्या. बाहेर हवालदार एका पाहुणीच्या मोबाइलवरचं चित्रण पुन्हा पुन्हा बघत होते. पडदा पडतानाचं. त्यांनी ते बाईंना दाखवलं, एकदा, मग थांबवून थांबवून.

"पडदा पडतोय तेव्हा सगळे वर बघतायत. शेपूटही. हा पोपट एकटा पिंपांकडे बघतोय," हवालदार म्हणाले. "त्याच्या जागेवर मी उभा राहून आलो. पिंपांमागचं काही दिसत नाही तिथून."

"हे कोर्टात उपयोगी पडेल."

"कोर्टाचं तुम्ही बघा. माझं दुसरंच आहे." हवालदारांनी मोबाइल खाली ठेवला. "माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. रस्त्यात कुणाची पाठ तिच्यासारखी दिसली तरी मान वळते माझी. वळवायची नसते तरी. इथे बायको तीस फूट उंच उभी आहे, आठ महिन्यांनी, आणि हा माणूस वर बघत नाही. म्हणजे त्याने बघून घेतलं होतं. आणि पुन्हा बघायची त्याची हिंमत नव्हती."

चार वाजता बाईंनी सगळ्यांना भिंतीपाशी आणलं. शेपटाच्या हातात बेड्या होत्या. त्याची बायको ऐकेना, तीही आली. पोपट हेल्मेट घालून फाटकापाशीच थांबला. त्याला आत आणावं लागलं.

बाईंनी हिरव्या रंगाच्या कडेला नख घातलं आणि ओढलं. केळ्याच्या सालीसारखी लांब पट्टी निघून आली. खालची कातडी चकाकत होती. तिच्यावर निळसर काळा डाग होता, अंगठ्याच्या आकाराचा, परातीएवढा मोठा. बाईंनी आणखी एक पट्टी ओढली. दुसऱ्या बाजूला चार बोटं.



"हे तुमच्या मेहुण्याने काढलं होतं," बाई पोपटाला म्हणाल्या. "स्कार्फ तुम्ही काढला. तुमची बायको स्कार्फ कशासाठी बांधायची ते भावाला माहीत होतं. त्याने हे डाग पाहिले होते आणि गप्प बसला होता. ती गेल्यावर त्याला गप्प बसवेना. आज सकाळी त्याने तुम्हाला बोलावलं की तुम्ही आपणहून आलात?"

"मी घरी होतो."

"दुकानाची किल्ली तुमच्याकडेही असते. शेपूट यायच्या आधीच तिथून पाना घेऊन आलात. शेपटाच्याच पिशवीतला. त्यामुळे रागाच्या भरात झालं असं म्हणू नका. सात घाव आहेत. पहिल्यालाच तो पडला असणार, बाकीचे पडलेल्या माणसावर घातलेत. मग रोलर दिसला, हिरव्या रंगाची बादली दिसली. रोज लोकांना रंगांविषयी सांगता, पण कुठला रंग कशावर धरतो हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला माहीत आहे, त्याला आम्ही कोठडीत ठेवलं."

"हे सगळं अंदाजाने बोलताय तुम्ही."

"हवालदार, हेल्मेट काढा."

पोपट मागे सरला. हवालदारांनी एका हाताने त्याची मान धरली आणि दुसऱ्याने हनुवटीखालचा पट्टा सोडवला. तो झटापट करू लागला तेव्हा त्यांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं. हेल्मेट निघालं. कपाळावरच्या केसांत, भांगात, कानांच्या वर बारीक हिरवे ठिपके वाळून घट्ट बसले होते.

"डोक्याच्या वर रोलर फिरवला की रंग खाली उडतो," बाई म्हणाल्या. "तोंड, हात धुतलेत. अंघोळीला वेळ नव्हता. आठला पाहुणे घ्यायचे होते."

पोपट खाली बघत बोलू लागला. त्याचा रोजचा आवाज गेला होता. मेहुणा त्याला म्हणाला होता: दाजी, रोज बारा माणसं इथे आणायची आणि रोज त्यांना सांगायचं, ही खूण कशाची. नाही सांगितलंत तर मी सांगेन.

"आणि जिन्यावर काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पडली ती."

बाईंनी वही उघडली.

"पडली," तो पुन्हा म्हणाला. "मी ढकललं नाही. गळ्याला धरलं होतं मी तिला. ते सोडलं."

शेपूट बेड्यांसकट त्याच्या अंगावर गेला. दोघा शिपायांनी त्याला कमरेत धरलं, तरी त्याची एक लाथ पोपटाच्या तोंडावर बसलीच. हवालदार दुसरीकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी शेपटाच्या बेड्या काढल्या आणि त्याच पोपटाला घातल्या.

गाडी गेल्यावर बाईंनी साहेबांना फोन लावला. पत्रकारांना भिंतीपाशीच बोलवा म्हणाल्या. शेपटाची बायको एका उलट्या बादलीवर बसली होती. शेपूट तिच्याजवळ उभा राहिला आणि सुजल्या तोंडाने म्हणाला, चल घरी. ती म्हणाली, थांब. आधी ते हिरवं काढ तिच्या अंगावरून.

बाईंनी मान डोलावली. पंचनामा झाला होता, फोटो झाले होते, दोन पट्ट्या पाकिटात बंद झाल्या होत्या. शेपटाने परांचीवर पाय ठेवला आणि एका कडेने सोलायला सुरुवात केली.