गार नळ्यांचं कोडं

संगणकातल्या पाण्याच्या नळ्या गारेगार होत्या. पंखे झकास फिरत होते. तरीही पडद्यावर लाल आकडा चमकत होता: अठ्ठ्याण्णव अंश! पाणी गार असताना संगणकाचं डोकं तापलं कसं? कृत्तिका डोळे फाडून बघत राहिली, आणि दहा वाजून सात मिनिटांनी संगणक फट्कन बंद पडला.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी बंद पडला असता तरी चाललं असतं. आज बंद पडायला नको होता.

साल २०५१, गाव जळगाव, महिना मे. सकाळी दहालाच एक्केचाळीस अंश. कृत्तिकाच्या आजोबांचं नाव डॉ. प्रल्हाद झोपे. आडनाव झोपे असलं, तरी गेले बारा दिवस या गृहस्थांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांची विद्यार्थिनी नसीमा तडवी आणि तिच्या कॉलेजातल्या मुलांनी बनवलेलं ‘टिटवी’ नावाचं पिटुकलं यान चंद्रावर उतरलं होतं. आता तिथे रात्र होत होती. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. त्या थंडीत टिटवीची बॅटरी टिकणार नव्हती. चंद्रावर सूर्य मावळताना जमीन किती वेगाने निवते, याचे आकडे ती दहा पाच ते दहा वीसच्या दरम्यान ओळीने पाठवणार होती. मग कायमची गप्प होणार होती.

टिटवीचे संदेश पकडणारी कॉलेजची तबकडी (डिश अँटेना) वादळात मोडली होती. उरली ती आजोबांच्या गच्चीवरची. टिटवीचा आवाज इतका क्षीण, की संगणकाने तो गोंगाटातून येईल तसा चाळून काढायचा. न चाळता साठवायचा म्हटलं, तर जागाच पुरली नसती. निसटलं ते निसटलं.

संगणकाचा जुना पंखा उन्हापुढे हात टेकून बसला होता, म्हणून आदल्या संध्याकाळी पाण्याचा कूलर आला. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ते काळा चष्मा लावून खुर्चीत बसून सांगत होते आणि सातवीतली कृत्तिका बसवत होती.

“रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) वरच्या बाजूला बसव. नळ्यांत हवेचा बुडबुडा असला तर तो वर जाऊन बसू दे, पंपात नको.”

“बसवला, आजोबा.”

“आता प्रोसेसरवर (संगणकाचा मेंदू) उष्णता पुढे नेणारा लेप लाव. तुरीच्या डाळीएवढा, मधोमध. त्यावर पंपाची तांब्याची चकती येईल. तिला जप हं बाई, बोट लागू देऊ नकोस.”

कृत्तिकाने चकतीला जपलं. झोप्यांच्या घरात जपणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. टीव्हीचा रिमोट चार वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत. फ्रिजच्या मुठीला अजून दुकानातलं आवरण. नव्या वस्तूचा प्लॅस्टिकचा कागद काढला की आई ओरडणार, हे ठरलेलं. चकतीवरही तसाच एक पारदर्शक कागद होता आणि त्यावर लाल, बारीक अक्षरं होती. कंपनीचं नाव असेल, असं समजून कृत्तिकाने ती वाचली नाहीत. कागदासकट चकती बसवली, चारही स्क्रू आळीपाळीने आवळले.

“गरम होतंय का गं?” आजोबांनी विचारलं होतं. तिने नळीला हात लावला आणि “एकदम गार!” असं आनंदाने सांगितलं. दोघंही खूश झाले.

आता आजोबा उठून टेबलाशी चाचपडत आले. “घाबरू नकोस. एकेक बघू. बंद पडायच्या आधी पंप थरथरत होता?”

“हो. बारीक थरथर लागत होती हाताला.”

“म्हणजे पाणी फिरत होतं. पंख्यातून कसली हवा येत होती?”

“गारच. खोलीतल्यासारखी.”

आजोबांनी स्वतः नळी चाचपली. “चुकलं माझं. नळी गार आहे हे ऐकून मी खूश झालो! अगं, हे पाणी काही बर्फ नाही, ते हमाल आहे. मेंदूजवळची उष्णता उचलायची, रेडिएटरपाशी नेऊन टाकायची, पुन्हा परत यायचं. बंद नळीतलं तेच पाणी, तेच हेलपाटे. काम चालू असतं तर नळी कोमट लागली असती, पंख्यातून ऊन हवा आली असती. पाणी गार, याचा अर्थ उष्णता त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. वाटेत कोणीतरी अडवलीय. सांग, आई तापलेलं पातेलं कशाने उचलते?”

“फडक्याने. म्हणजे हाताला चटका...” कृत्तिकाचा चेहरा पडला. तांब्यातून उष्णता धावत जाते. फडक्यातून, प्लॅस्टिकमधून ती जाता जात नाही. तिने भराभर स्क्रू काढले. चकतीला चिकटलेला कागद समोर आला. लाल अक्षरं सांगत होती, ‘बसवण्यापूर्वी काढा’.

तिने कागद सोलला, जुना लेप पुसला, नवा लावला, चकती दाबून बसवली. संगणक सुरू व्हायला लागलेली दोन मिनिटं तिला दोन तासांसारखी गेली. या वेळी नळी हळूहळू कोमट झाली, पंख्यातून उबदार झुळूक आली. आकडा त्रेसष्टवर थांबला.

घड्याळात दहा वाजून साडेअठरा मिनिटं झाली होती.

टिटवीचं शेवटचं दीड मिनिट मिळालं: उणे शहाण्णव, उणे सत्त्याण्णव, उणे सत्त्याण्णव. मग नुसती खरखर. सगळ्यात वेगाने जमीन निवली तेव्हाचे, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते आकडे गेले ते गेलेच. पश्चिमेला फिकट चंद्र उतरत होता. त्याच्याकडे बघून कृत्तिका हमसाहमशी रडली. नुसतं वाचलं असतं तर! दोनच शब्द तर होते.

“मी फोन करतो नसीमाला,” आजोबा म्हणाले. “आकडा विचारायचं सोडून नळी विचारली मी.”

“नाही, मीच सांगणार.” डोळे पुसून तिने सगळं सांगितलं, कागदाचंसुद्धा. मग नसीमा म्हणाली, “मला आत्ता बोलवत नाहीये गं. सरांना सांभाळ.” आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी फोन पुन्हा वाजला.

“दुसरी टिटवी जूनपासून बांधायला घेतोय,” नसीमा म्हणाली. “तिच्यातही उष्णता बाहेर नेणाऱ्या नळ्या आहेत. प्रत्येक जोड तपासायला माणूस हवंय. रविवारी कॉलेजात ये.”

कृत्तिकाचा विश्वासच बसेना. “ताई, तू रागावली नाहीस?”

“रागावलेय. खूप,” नसीमा म्हणाली. “नऊ वाजता ये.”