आईचा बिडाचा तवा

हे मी रचलेलं नाही. गेलेल्या आईवर गोष्टी रचण्याइतकी मी निर्लज्ज नाही.

जानेवारी महिना. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराचा पूर्व भाग. संध्याकाळचे सहा वाजले असतील, पण हिवाळ्यात आमच्याकडे तेव्हा मिट्ट काळोख असतो.

मी रेनिटा. माझी आई ओडेसा. आमचं घर बाबांनी मोटारींच्या कारखान्यात राबून घेतलेलं. बाबा गेले, मग छप्पर गळायला लागलं, आणि वास लागल्यासारखा कर्जाच्या कंपनीचा एक गोडबोल्या दारात आला. आईच्या तव्यातला गरम कॉर्नब्रेड, मक्याच्या पिठाचा पाव, त्यानं दोनदा मागून खाल्ला.

"हप्ता वाढणार नाही, ओडेसाबाई. मी बसलोय ना!"

आईनं छपरासाठी घर गहाण ठेवून कर्ज घेतलं. दुसऱ्या वर्षी हप्ता दुप्पट झाला. हा बसलेला माणूस फोन उचलेना. कंपनीनं कर्ज बँकेला विकलं. मग कोर्ट, मग लिलावाची तारीख.

आमच्या गल्लीत घर जप्त झालं की कोर्टाच्या हुकमानं शेरीफची माणसं सगळं सामान रस्त्याकडेच्या गवतावर आणून टाकतात. शेजारणीच्या गाद्या आईनं तशा भिजताना पाहिल्या होत्या.

"चर्चच्या बायकांना माझे परकर बघायला मिळणार नाहीत," ती म्हणाली. लिलावाच्या आधीच घर झाडून-पुसून, किल्ली ओट्यावर ठेवून ती माझ्याकडे आली.

तवा तेवढा राहिला. तिच्या आईचा, बिडाचा. आमच्याकडे तो ओव्हनमध्येच ठेवतात, म्हणून नजरेतून सुटला.

"चल, घेऊन येऊ," मी म्हटलं.

"बँकेच्या घरात शिरू? उद्या चोर म्हणतील मला."

चार वर्षं ती माझ्या सोफ्यावर झोपली. बॅग कधी उघडून लावली नाही. स्वयंपाकघरात जातानाही चौकटीवर टकटक करायची. दोन टकटक... जरा थांबून एक हलकी.

"आई, अगं तुझ्या मुलीचं घर आहे हे!"

"तेच म्हणते. मुलीचं."

डिसेंबरात ती त्याच सोफ्यावर गेली.

दफन झालं आणि आठवड्याभरात महापालिकेचा माणूस आला. ओडेसाबाईंना शोधत. त्यांच्या घराच्या खिडक्या फुटल्यात, शेजारच्यांनी तक्रार केलीय म्हणे.

"ते घर बँकेचं आहे," मी म्हटलं.

"नाही हो. बँकेनं लिलाव तेव्हाच मागे घेतला. असल्या पडक्या गल्लीतलं घर त्यांनाही नको होतं. घर तुमच्या आईच्याच नावावर आहे. पहिल्यापासून."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

त्यानं तक्रारीचा कागद माझ्या हातात ठेवला. मी दार लावलं आणि जमिनीवर बसून हंबरडा फोडला. माझी आई स्वतःचं घर असताना पाहुणी म्हणून मेली!

त्यानंतर जुन्या घरासमोर राहणाऱ्या थर्मनकाकांचा फोन आला.

"पोरी, तुमच्या पायऱ्यांवरचा बर्फ रोज कोण झाडतं गं?"

"कुणी नाही, काका."

ते हळूच म्हणाले, "माझ्याही पायऱ्या झाडलेल्या असतात... ओडेसा झाडायची तशा."

त्या जानेवारीतल्या संध्याकाळी मी तशीच निघाले.

गल्लीभर गुडघाभर बर्फ. आमच्या पायऱ्या मात्र कोरड्या. त्या झाडलेल्या वाटेवरून मी वर गेले. कुलूप कधीच तोडलेलं होतं. आत वीज नाही. भंगारवाल्यांनी पाण्याचे नळसुद्धा उपटून नेलेले. मी बॅटरी लावून स्वयंपाकघरात शिरले.

ओव्हन नव्हता. जमिनीवर फक्त त्याचा चौकोनी डाग होता.

तेवढ्यात...

टक. टक.

पुढच्या दारावर.

मी बॅटरी दाराकडे वळवली.

...टक.

"माफ करा हं," बाहेरून आवाज आला. आईचा. परक्यांशी बोलताना काढायची तो, दबलेला. "त्रास देते. ओव्हनमध्ये माझा तवा राहिलाय. मी आत येत नाही. तुम्हीच हातात द्या."

भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त काळीज फाटलं.

"आई!" मी ओरडले. "आत ये गं! तुझंच आहे घर! बँकेनं कधी घेतलंच नव्हतं!"



मी धावत जाऊन दार उघडलं. कुणी नव्हतं. वाऱ्यानं बर्फ भुरभुरत होता, आणि त्या ताज्या बर्फात दोन पावलं दारासमोर उमटली होती, दाराकडे तोंड करून. तेवढीच दोन. आलेली नाहीत, गेलेली नाहीत.

तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

उन्हाळ्यात महापालिकेनं घर मोडकळीला आलेलं म्हणून पाडलं. आता तिथे रिकामी जागा आहे. भंगाराची दुकानं पालथी घालून मी तसाच एक बिडाचा तवा आणला. तिचा नाही, पण तसाच. पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला, तेव्हा तो घेऊन तिथे गेले.

सगळीकडे पांढरं. फक्त फुटपाथपासून आत एक वाट झाडलेली होती... जिथे पायऱ्या होत्या, तिथपर्यंत.

तिथे भिंत नाही. चौकट नाही. ठोठावायला काहीही नाही.

तरी मी ऐकलं.

टक. टक.

...टक.

"ये गं आई, आत ये," मी म्हटलं, आणि तवा पुढे करून कितीतरी वेळ उभी राहिले. पण आत म्हणजे कुठे, ते आता मलाही सांगता येत नव्हतं.