पावाखालची अक्षरं

यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. पोलोनामावशीने हे आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही दाराला कडी घालून.

साल १९१२. युरोपातल्या तोल्मिन शहराच्या वरचं आमचं डोंगरातलं गाव. नोव्हेंबरातला शनिवार, भर दुपार. बाहेर दाट धुकं.

मावशी फादर ल्युडविकांकडे स्वयंपाकाला होती. फादर कविता करायचे. चार दिवसांपूर्वीच ते छातीच्या दुखण्याने गेले होते.

गावात कुणी रडलं नाही.

आदल्या हिवाळ्यात एक परकी बाई बर्फात आसरा मागत दारोदार फिरली होती. एकही दार उघडलं नाही. सकाळी ती विहिरीपाशी गोठलेली सापडली. फादरांनी त्यावरच कविता लिहिली आणि भर चर्चमध्ये वाचून दाखवली. तेव्हापासून गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या दुपारी चर्चची घंटा वाजवणारा गाश्पर स्वयंपाकघरात आला. हातात फादरांच्या कागदांचा गठ्ठा.

"उद्या त्यांचा भाऊ येतोय. हे छापून आणेल आणि आपल्या तोंडाला काळं फासेल. भट्टी पेटलीये ना? घाल त्यात."

"मेलेल्या माणसाचं लिहिलेलं जाळू?"

"जिवंतपणी त्यांनी आपल्याला कमी जाळलं का?"

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने गठ्ठा आत ढकलला.

कागद पेटले...

पण आवाज झाला नाही. साधं तडतडणंसुद्धा नाही.

मग फादरांच्या वरच्या बंद खोलीतून... कुर्र... कुर्र...

कागदावर टाक घासल्यासारखं.

"उंदीर असेल," गाश्पर म्हणाला. पण जिन्याकडे त्याने पाहिलं नाही.

मावशीने राख झाडून काढली आणि तापल्या भट्टीत सहा पाव लावले. भाजून होईपर्यंत वरचं घासणं चालूच होतं. तिने पहिला पाव बाहेर ओढला...

आणि ते थांबलं.

भाजला का ते पाहायला तिने पाव उलटा केला.

तळाला काळ्या अक्षरांची ओळ होती.

"हे काय लिहिलंय, गाश्पर?"

त्याने वाचलं.

"अक्षर त्यांचंच आहे." मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "ती बाई सगळ्यात आधी तुझ्याकडे आली होती?"



खरं होतं ते. त्या रात्री फादर एका आजाऱ्याकडे गेले होते. दारावर थाप पडली, तेव्हा मावशीने दिवा विझवला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. फादरांनाही नाही.

"देवाच्या घरची बाई, आणि तू..." गाश्पर तुच्छतेने हसला. त्याने दुसरा पाव उलटला. त्याच्याही तळाला ओळ होती.

हसू जागच्या जागी विरलं.

त्याने तो पाव पालथा ठेवला आणि टोपी न घेताच धुक्यात निघून गेला. त्या रविवारी घंटा वाजली नाही. गाश्पर पुन्हा कुणाला दिसला नाही.

मावशीने सहाही पाव नदीत सोडले, उरलेले चार तर न पाहताच.

पुढे ती गोरित्सिया शहरात आमच्याकडे राहायला आली. तिच्या म्हातारपणी मी तिला वाचायला शिकवू लागले, तर तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"नको गं. वाचता आलं, तर वाचावं लागेल."

तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी पाव अजून बेकरीतूनच आणते, कापलेला.