दा, दोन हजार वेळा

दारावरचा लाल दिवा मला दिसला होता. पण लाल दिवा म्हणजे 'आत येऊ नका', हे मला कुणी सांगितलं होतं का? नाही ना! मावशी चष्मा घरी विसरली होती, तो घेऊन मी तिच्या प्रयोगशाळेत आले होते. गादीसारखं जाडजूड ते दार दोन्ही हातांनी ढकललं, आणि –

आत एक मुलगा! डोक्यावर, कपाळावर, कानाच्या पाळीवर वायरी चिकटवलेल्या, कानांत नळ्या आणि समोर मुकं कार्टून. त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या सावकाश आणि इतक्या दुःखाने आजवर माझ्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

"अय्या, सॉरी!"

"एक हजार आठशे झाले होते," तो म्हणाला. "दोनशेच उरले होते."

"काय उरले होते?"

"'दा' हा आवाज. दोन हजार वेळा ऐकायचा. न हलता, न बोलता." मग ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं... "आता पुन्हा एकपासून."

मी त्याचं नाव ठेवलं हेडफोन. त्याने माझं ठेवलं वादळ. फिट्टंफाट!

मावशीने मला शिक्षा दिली. "सुट्टी आहे ना? हा स्पर्धेच्या प्रयोगासाठी येतो. रोज ये आणि याच्या वायरी चिकटव. हात कामात असले म्हणजे दारं ढकलणार नाहीस." अशी शिक्षा सगळ्यांना मिळो! खरबरीत जेलने आधी कातडी घासायची, मग पेस्ट लावून बटणाएवढी चकती दाबायची. मशीनवरचा आकडा पाचाच्या खाली आला, की चकती नीट बसली. हेडफोनच्या कपाळावर चकती दाबताना तो डोळे मिटायचा, आणि माझं मात्र आकड्याकडे लक्षच नसायचं.

"हे सगळं कशासाठी?" एकदा मी विचारलं.

"कानातून निघालेल्या जवळजवळ सगळ्या वाटा मधल्या मेंदूत येऊन मिळतात," तो म्हणाला. बोलताना त्याचे हात नाचत होते. "वाटाण्याएवढे दोन उंचवटे असतात. तिथे पेशींचं जाळं आहे. एक पेशी पुढचीला म्हणते, बोल. दुसरी म्हणते, गप्प बस. या बोल-गप्पमधून ठरतं, आवाज कुठून आला, किती लांबला, जाड की बारीक."

"म्हणजे आमच्या वर्गासारखं."

"तुमच्या वर्गात कुणी गप्प बसतं?" त्याने डोळे मिचकावले. "आणि खरी गंमत ऐक. आवाज जसा थरथरतो, त्याच तालात या पेशीही थरथरतात. इतक्या हुबेहूब, की ती नोंद स्पीकरवर लावली तर..."

त्याने बटण दाबलं. "दा." बादलीत तोंड घालून कुणी बोलावं, तसा बुडालेला आवाज.

"हे तुझ्या डोक्यातून आलं?"

"हो."

माझ्या अंगावर काटा आला. त्या काट्याचं कारण मधला मेंदू नव्हता, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग आली सुरेलबाई.

ती हेडफोनच्या वर्गातली. लांब वेणी, गालावर खळी, आणि बोलणंही गाण्यासारखं. शनिवारी शाळांची सुट्टीतली विज्ञान-स्पर्धा होती. हेडफोनचा प्रयोग असा – डोकं एक, आवाज दोन. दोन वेगवेगळ्या मुलींचा 'दा' ऐकवायचा आणि मेंदूतली प्रत स्पीकरवर लावून दाखवायची. पहिली मुलगी मी, दुसरी ती.

"हिचा आवाज म्हणजे ना," तो म्हणाला, "काचेवरून पाणी ओघळावं तसा."

"आणि माझा?"

तो विचारात पडला. विचारात पडला! "तुझा... वेगळा आहे."

वेगळा म्हणजे काय? भोपळा वेगळा असतो! माझा आवाज घोगरा आहे हे मला ठाऊक आहे. घरी फोन उचलला की लोक म्हणतात, "अरे बाळा, आईला दे जरा." पण त्याने तरी असं... रात्री मी उशीत तोंड खुपसून काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यासारखं 'दा' म्हणून पाहिलं. दादा बाहेरून ओरडला, "मांजर आत आलंय का गं?"

बुधवारी माझा 'दा' ऐकवून त्याच्या मेंदूची नोंद झाली, अगदी लख्ख. गुरुवारी सुरेलबाईची पाळी. ती त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली आणि वेणी उडवत म्हणाली, "हलू नकोस हं. मी येतेय तुझ्या डोक्यात!"

तो हसला.

माझा नुसता तिळपापड झाला. ये की! पण दार कोण उघडणार? मी जेलची बाटली उचलली... आणि परत ठेवली. कातडी घासलीच नाही. कोरड्या कपाळावर पेस्टचा ठिपका लावला आणि चकती टेकवली. आकडा आला अठरा. मावशी मीटिंगमध्ये होती. वहीत मी लिहिलं – चार.

दोन हजार वेळा 'दा' झालं. हेडफोनने नोंद स्पीकरवर लावली.

खर्रर्रर्र...

सुरेलबाई खो-खो हसली. "माझं गाणं याच्या डोक्यात शिरतच नाही वाटतं!" आणि शिकवणीला उशीर झाला म्हणत निघूनही गेली. मला आतल्या आत इतका आनंद झाला, की काय सांगू! तो आनंद बरोबर एक मिनिट टिकला.

कारण हेडफोन हसत नव्हता. त्याने उजव्या कानावर हात ठेवला होता.

"काय झालं रे?"

"लहानपणी या कानाचं ऑपरेशन झालंय." आवाज अगदी बारीक. "तेव्हाही असंच... काल ऐकू येत होतं, आज नाही. एका दिवसात. आई सहा महिने नीट झोपली नव्हती."

"पण आता तुला ऐकू येतंय ना?"

"तेव्हाही मी हेच म्हणायचो. काल तुझी नोंद नीट आली, आज काहीच नाही. वहीत आकडा चार आहे, म्हणजे वायरी ठीक. मग बिघाड माझ्यातच." त्याने खिशातून फोन काढला. "आईला सांगायला हवं."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तो नंबर शोधत होता. मी गप्प राहिले असते तर कुणालाही, कधीही कळलं नसतं.

"थांब!" मी त्याचा फोनच धरला. "आकडा चार नव्हता. अठरा होता. मी घासलंच नव्हतं."

"विसरलीस?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं! "नाही. मुद्दाम."

त्याने हळूच फोन खाली ठेवला. "मुद्दाम? का?"

आता या 'का'चं उत्तर एकच होतं, आणि ते दिल्यावर माझ्याजवळ लपवायला काहीच उरणार नव्हतं.

"ती तुझ्या डोक्यात जायला नको होती," मी म्हणाले. "मला... मला तिथे मी हवी होते."

तो लालबुंद झाला. रागाने की कशाने, ते काही कळेना. "मी घाबरलो होतो," एवढंच म्हणाला आणि दप्तर उचलून गेला.

शुक्रवारी सकाळी मी मावशीला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "खोटा आकडा लिहिलास? पुन्हा असं केलंस तर या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. आणि आत्ता नोंद पुन्हा तूच घ्यायचीस. त्या गाणाऱ्या मुलीसमोर."

मी घासलं. पेस्ट लावली. आकडा आला तीन. हेडफोन सरळ समोर बघत होता. मी सुरेलबाईलाही खरं सांगून टाकलं. तिने कपाळाला हात लावला. "अगं वेडे! तुझ्या नजरेने माझी वेणी कशी पेटली नाही इतके दिवस? हा प्राणी मला गायला बोलावतो आणि म्हणतो, फक्त 'दा' म्हण! तुला हवा असेल तर खुशाल ठेव."

"मी इथेच बसलोय," हेडफोन पुटपुटला.

"मग हलू नकोस!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

या वेळी तिचा 'दा' आला. बारीक, पुसट, पण आला. हेडफोनने दीर्घ श्वास सोडला, आणि माझे डोळे भरून आले. पडद्यावर तिच्या नोंदीच्या आलेखाशेजारी त्याने माझा बुधवारचा आलेख ठेवला. केवढा मोठा! तिच्या दुप्पट!

"मावशी, बघ, माझा –"

"उड्या मारू नकोस," मावशी म्हणाली. "जाड आवाज सावकाश थरथरतो, त्याच्याशी पेशींना पावलं जुळवता येतात. बारीक आवाज फार भरभर पळतो. एवढंच आहे ते. मधल्या मेंदूतून कोण कुणाला आवडतं, ते दिसत नाही." ती चहा घ्यायला निघून गेली. सुरेलबाईही तिच्या मागोमाग. फार हुशार मुलगी!

खोलीत आम्ही दोघंच. मी त्याच्या कपाळावरची पेस्ट ओल्या कापसाने पुसत होते. एवढा मोठा आलेख, आणि त्याचा अर्थ काहीच नाही!

"अजून रागावलायस?"

"थोडासा," तो म्हणाला. "त्या दोन उंचवट्यांना काय विचारतेस? माणसं ओळखणं त्यांचं कामच नाही. मला विचार ना."

माझा हात थांबला. काळीज मात्र थांबेना.

"तुला..." आवाज आणखीच घोगरा झाला. "तुला मी आवडते?"

"हो," तो म्हणाला. आणि बरोबर एकदाच म्हणाला.